छोटा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक घरी कसा सुरू करावा? (दोन वर्षांचा अनुभव, प्रश्न विचारा)

शिंपला (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मागे एका धाग्यावर आमच्या घरच्या रीफ टँकबद्दल (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ असलेली खाऱ्या पाण्याची टाकी) सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून चार-पाच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की घरी समुद्राचं पाणी खरंच टिकतं का, किती खर्च, किती कटकट. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहिते.

मी पुण्यात राहते, तिसरा मजला. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, ८ मिमी काच. हिशोबाने १२० लिटर होतं पण दगड आणि वाळू गेल्यावर खरं पाणी साधारण १०० लिटर. आत दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, सहा-सात गोगलगायी, तीन हर्मिट खेकडे, आणि मशरूम, झोआ, एक लेदर ही मऊ कोरल. कडक कोरल एकही नाही, त्याचं कारण खाली प्रतिसादांत येईलच, कारण कोणीतरी विचारणारच.

आकारापासून सुरुवात करते. बऱ्याच जणांना वाटतं पहिली टाकी आहे तर २०-२५ लिटरची घेऊ, जमली तर मोठी करू. हे करू नका. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणजे १०० लिटरमधलं ५ लिटर उडालं की ३५ ची क्षारता (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) जवळपास ३७ होते, आणि २० लिटरच्या टाकीत तेवढ्यासाठी फक्त एक लिटर उडायला लागतं, जे पंख्याखाली दोन दिवसांत होतं. समुद्रात या जिवांनी असा चढउतार कधी बघितलेलाच नसतो. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि पाणी रेघेच्या खाली गेलं की रोज भर घाला, आणि ही भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते, कमी झालं म्हणून मीठ घातलेलं पाणी ओततात आणि महिनाभरात टाकीचं मिठागर होतं.

आता पाणी. घरच्या आरओचं पाणी चालतं असं दुकानात सांगतात. आमच्या आरओचं मी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) लावून बघितलं तर ५२ आलं, कारण पिण्याच्या आरओमध्ये थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, चव यावी म्हणून. रीफला शून्य पाहिजे. मी मेकॅनिककडून मिसळायचा स्क्रू पूर्ण बंद करून घेतला आणि पुढे उरलेले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडलं, आता ० येतं. वाया जाणारं पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरतो.

मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं नाही, रीफ सॉल्ट मिळतं ते. लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम पडतं, म्हणजे पहिल्या भरणीला माझं जवळपास पावणेचार किलो गेलं. बादलीत पाणी घेऊन छोटा पंप लावायचा, त्यात मीठ टाकायचं (मिठावर पाणी ओतायचं नाही, गुठळ्या होऊन खाली पांढरा थर बसतो), रात्रभर फिरू द्यायचं आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं यंत्र) मोजायचं. साध्या पाण्याच्या तुलनेत घनता १.०२५ ते १.०२६, म्हणजे क्षारता ३५ च्या आसपास आली पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर बरोबर असेलच असं नाही, त्यासाठी ३५ चं तयार द्रावण मिळतं, त्यावर लावून घ्या. माझा २ ने चुकत होता आणि मला चार महिने पत्ता नव्हता.

दगड १० ते १२ किलो, कोरडा. वाळू अ‍ॅरागोनाइटची, तीन-चार सेंटिमीटर. आधी दगड काचेवर नीट बसवा आणि मग वाळू टाका, नाहीतर खाली पोखरणाऱ्या जिवांमुळे दगड घसरून काच जाते. वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाणी फिरवत ठेवणारा पंप, ताशी दीड-दोन हजार लिटरचा. एलईडी निळा जास्त, पांढरा कमी, दिवसाला ८ तास.

आणि यानंतर काय करायचं, तर पाच आठवडे काहीच नाही. मी मासळीवालीकडून एक कोळंबी आणली, सोलून पातळ मोज्यात बांधून टाकीत सोडली आणि सडू दिली. घरात वास येतो, तयारी ठेवा. सडताना अमोनिया होतो, त्यावर जगणारे बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विष, नायट्रेट थोडं सहन होतं. या सगळ्याला सायकल म्हणतात. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत: चौथ्या दिवशी अमोनिया दिसला, तेराव्या दिवशी नायट्राइट, एकतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य आणि नायट्रेट ४०. मग अर्धं पाणी बदललं. तोपर्यंत रिकामी टाकी, दगड आणि पाणी. घरचे विचारायचे की मासे कधी येणार. येऊ दे की सावकाश.

-----

डोंबिवलीकर_अमेय

ताई फार छान आणि मुद्देसूद लिहिलंय, वाचनखूण साठवली. मी गोड्या पाण्याचे मासे शाळेपासून ठेवतोय, गप्पी, मॉली, मग प्लँटेड टँक पण केला, आता खरं तर या मे महिन्यात रीफ सुरू करायचा विचार होता. तीन प्रश्न आहेत. एक, आमच्याकडे गर्मी आणि दमट हवा, माझ्या गोड्या टाकीचं तापमान दुपारी ३२ जातं, चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्यायलाच लागेल का. दोन, आम्ही महिन्यातून एकदा अलिबागला जातो, तिथून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल ना? तीन, लाइव्ह रॉक म्हणतात तो टाकला की सायकल लवकर होते असं व्हिडिओत बघितलं, तो कुठे मिळेल?

-----

शिंपला

@अमेय, पहिल्याचं सांगते, बाकी दोन इथे समुद्राजवळची माणसं आहेत ती जास्त चांगलं सांगतील.

तापमान २४ ते २६ असावं, २७-२८ पर्यंत मऊ कोरल सहन करतात. पुण्यात हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर तिरका पंखा लावला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, माठासारखंच. पण डोंबिवलीत हवाच ओली, पाणी उडणार किती? तिथे पंख्यावर विसंबू नका. एकतर एसी असलेल्या खोलीत टाकी ठेवा नाहीतर चिलरचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा.

मी गेल्या वर्षी १२ मेला बाहेरून आले तर ३१.४ होतं, दुपारभर लाइट गेली होती. माझ्याकडे तेव्हा झेनिया नावाचं कोरल होतं, त्याचे हात सतत उघडमीट करत असतात, आपण मूठ उघडतो-मिटतो तसे. ते सगळे हात लोंबकळत होते, एकही हलत नव्हता. मी पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेल्या असतात, त्यातली एक बंद बाटली टाकीत सोडली, तासाने दुसरी, एकदम थंड केलं तर आणखी धक्का बसतो म्हणून. रात्री अकराला २८ वर आलं. तिसऱ्या दिवशी एक हात उघडला. त्यातलं निम्मं झेनिया विरघळून गेलंच.

एक गोष्ट फुकटात करता येते. टाकीचा लाइट सकाळी न लावता दुपारी तीन ते रात्री अकरा ठेवा. म्हणजे दुपारच्या उन्हात लाइटची उष्णता वर पडत नाही आणि ऑफिसमधून आल्यावर टाकी बघायलाही मिळते.

आणि सुरुवात मे महिन्यात करू नकाच. दिवाळीनंतर करा.

-----

रापणवाला

मी मालवणचा, डायव्हिंग करतो, पर्यटकांना पाण्याखाली नेतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो आणि जरा कळकळीने देतो.

किनाऱ्यावरचं पाणी घेऊ नका. मुंबई-अलिबाग पट्ट्यात सांडपाणी, बोटींचं डिझेल, काय काय असतं ते डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात तर खाडीच्या तोंडाशी खारेपणा इतका उतरतो की जिभेला कळतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही, इतका गाळ. ज्याला मिठाचे पैसे वाचवायचे आहेत त्याने हा छंद थोडा थांबून करावा.

लाइव्ह रॉक म्हणजे काय ते आधी समजून घ्या. तो खडक म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, त्यावर आणि आत शेकडो जीव राहतात. तो कुठून येणार? कोणाच्या तरी रीफवरून उचलूनच येणार. आपल्याकडे मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळ आहे, विजयदुर्गपासून समुद्रात शंभर-एक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. महाराष्ट्रात प्रवाळ आहे हेच कित्येकांना माहीत नाही. मुंबईत वरळी-हाजीअलीच्या खडकांवर पण आहे, कोस्टल रोडच्या वेळी तो परवानगी घेऊन काढून दुसरीकडे लावावा लागला होता.

मी ज्या खडकावर लोकांना नेतो तिथे एक ताटाएवढा प्रवाळ होता, पिवळसर, त्याच्या कडेला एक छोटा मासा कायम असायचा. दोन मोसमांपूर्वी एका पाहुण्याने आठवण म्हणून त्याचा तुकडा मोडला, मी पंधरा फुटांवर दुसऱ्या माणसाचा मास्क नीट करत होतो. तळहाताएवढा तुकडा. त्या मोडलेल्या कडेवर शेवाळ धरलं आणि आता जवळपास अर्धा भाग पांढरा पडलाय. वर्षाला बोटाच्या पेराएवढाही वाढत नाही तो.

टाकी जरूर करा, मला स्वतःला आवडते. पण समुद्रातलं काही उचलून नको.

-----

शिंपला

रापणवाला, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसले थोडा वेळ. अगदी बरोबर.

कायद्याचं पण लिहिते कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ सालापासून सगळे कडक, म्हणजे खडक बांधणारे प्रवाळ आहेत, सी फॅन आहेत, काळं प्रवाळ आहे. समुद्रघोडेही आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. आपल्या समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं सगळं गुन्हा.

मला एका दुकानात सुरुवातीला "ब्रेन कोरल आहे मॅडम, इंपोर्टेड, घेऊन जा" म्हणून दाखवला होता. मी बिल आणि आयातीची कागदपत्रं मागितली तर "असं कोण मागतं" म्हणाले. मी घेतला नाही. पण तिथेच वाळूत ठेवलेला लाइव्ह रॉकचा एक तुकडा मात्र घेऊन आले, तेव्हा मला तो नुसता दगड वाटला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून धाग्यात कोरडा दगड लिहिलाय. सिरॅमिकचे, सिमेंटचे दगडही मिळतात, सहा-आठ महिन्यांत त्यावर जांभळं कोरलाइन शेवाळ धरतं आणि ओळखू येत नाहीत.

मऊ कोरल, म्हणजे मशरूम, झोआ, लेदर, झेनिया, यांना चुन्याचा कडक सांगाडा नसतो आणि ती त्या यादीत नाहीत. ती पण दुसऱ्या छंदी माणसाच्या टाकीत वाढवलेली फ्रॅग (कोरलचे कापून दिलेले छोटे तुकडे) घ्या. माझ्याकडचे मशरूम पुण्यातल्याच एकांच्या टाकीतून आलेत, दोनाचे अकरा झालेत, आता मी वाटते. आणि सुरुवातीला हीच सोपी पडतात, यांना कॅल्शियम वगैरे रोज घालावं लागत नाही, आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की त्यांचं भागतं.

क्लाउनफिश सुद्धा टाकीत पैदास केलेलेच मागा. केरळ-तमिळनाडूकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांची पैदास कधीच जमवली आहे, आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झालंय. पैदाशीचा मासा पहिल्या दिवशी कोरडं खाणं खातो, समुद्रातून पकडलेला आठ-आठ दिवस तोंड लावत नाही.

-----

अटलांटिक_पार

मी डॅलसला असतो, इथे चौदा वर्षं रीफ ठेवतोय. इथे फ्लोरिडात समुद्राच्या तळाशी भाड्याच्या जागेवर दगड टाकून लाइव्ह रॉक तयार करतात, व्हिडिओत बहुतेक तो असतो, त्यामुळे ते बघून तिकडे शोधत बसू नका.

एक भर घालतो, क्वारंटाइन. नवीन मासा सरळ मोठ्या टाकीत सोडायचा नाही, चार आठवडे वेगळ्या साध्या टबात. मरीन इक, म्हणजे अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके, एकदा रीफमध्ये शिरला की तांब्याचं औषध आत घालता येत नाही, कारण तांब्याने श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळं मरतं. मग मासे बाहेर काढून औषध द्यायचं आणि टाकी माशांशिवाय ७६ दिवस रिकामी ठेवायची. मी एकदा केलंय. अडीच महिने मुलगी रोज रिकाम्या टाकीसमोर उभी राहायची.

आणि निळा टँग मासा घेऊ नका. कार्टूनमुळे पोरं तोच मागतात. तो फूटभर वाढतो आणि दोन फुटांच्या टाकीत नुसता वळत बसतो.

-----

घननीळ

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, एक सावधगिरीची सूचना, कृपया सगळ्यांनी वाचावी. झोआ आणि विशेषतः त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. जगातल्या अत्यंत जहाल नैसर्गिक विषांपैकी हे एक. दगडावरून झोआ काढायला लोक दगड उकळतात किंवा गरम पाण्याखाली ब्रशने घासतात, वाफेतून आणि तुषारांतून ते श्वासात जातं, अशाने घरंच्या घरं दवाखान्यात गेल्याच्या घटना आहेत. दगड कधीही उकळू नका. फ्रॅग कापताना हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. हाताला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. घरात लहान मूल असेल तर पहिल्या वर्षी मशरूम आणि लेदरवरच थांबा.

-----

प्राची_नागपूर

मी सहा आठवड्यांपूर्वी सुरू केलाय, सायकल झाली, दोन गोगलगायी सोडल्या, आणि आता वाळू, दगड, काच सगळं तपकिरी झालंय, मखमल पसरल्यासारखं. पुसलं की संध्याकाळी परत. काही चुकलं का? खूप निराश झालेय.

-----

शिंपला

प्राची, काही चुकलेलं नाहीये गं. ते डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, नव्या टाकीत सगळ्यांकडे येतात, पाण्यातलं आणि वाळूतलं सिलिका खातात आणि ते संपलं की आपोआप ओसरतात. नंतर हिरवं केसाळ शेवाळ येईल, तेही येऊ दे, हाताने उपट, गोगलगायी वाढव, खाणं कमी टाक. फक्त टीडीएस शून्य आहे ना ते बघ, नाहीतर भरीच्या पाण्यातून रोज सिलिका जात राहील. माझं चौथ्या महिन्यापर्यंत चाललं होतं. केमिकल घालू नकोस.

एकदा रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च लावून बघ. दिवसा जी वाळू मेलेली वाटते तिच्यातून धाग्यासारखे किडे अर्धे बाहेर आलेले असतात, काचेवर पांढरे ठिपके झटके देत पळतात, ते कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव. टाकी जिवंत झाल्याचं मला पहिल्यांदा असंच कळलं.

-----

कोकणरेल्वे

आमचं घर चिपळूणकडे, गणपतीला आठ दिवस जाणं चुकत नाही. असा छंद आम्हाला जमेल का? मागे टाकी कोण बघणार?

-----

शिंपला

हा फार खरा प्रश्न आहे आणि माझं यात नुकसान झालंय. पहिल्या वर्षी गणपतीला पाच दिवस गेलो, शेजारच्या मुलाला खाण्याची डबी दिली, चिमूटभर टाक म्हटलं. मुलगा गुणी, त्याने प्रेमाने सकाळ-संध्याकाळ टाकलं, मासे पुढे येतात म्हणजे भूक लागलीये असं त्याला वाटलं. आलो तेव्हा पाणी तांदळाच्या धुवणासारखं, वेव्हमेकर चालू, आणि मोठी क्लाउन मागच्या दगडाशी मरून पडलेली. चूक त्याची नव्हती, डबी देणारी मी होते.

मजा वाटेल, क्लाउन सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला वरचढ असतो तो मादी होतो. मोठी गेल्यावर उरलेला छोटा तीन-चार महिन्यांत वाढला आणि मादी झाला, मग त्याला नवीन छोटा जोडीदार आणला. आता तीच जोडी आहे.

तेव्हापासून आजीच्या गोळ्यांचा सात खणांचा डबा वापरतो. प्रत्येक वाराच्या खणात मोजून खाणं, आणि एक वार सोडून एक वार खण मुद्दाम रिकामा. डबी कपाटात. पाण्याच्या भरीसाठी एटीओ बसवला, फ्लोट सेन्सर आणि १५ लिटरचा कॅन, पातळी उतरली की आपोआप आरओ पाणी येतं. कॅन बेताचाच ठेवा, सेन्सर अडकला तर तेवढंच पाणी जाईल.

आणि वेव्हमेकर इन्व्हर्टरवर टाका. जेमतेम दहा वॉट खातो. लाइट गेल्यावर पाणी हललं नाही तर उन्हाळ्यात काही तासांत ऑक्सिजन संपतो, मासे वरच्या थरात तोंड काढायला लागतात. गावात असताना लाइट गेलीये हे कळणार पण नाही. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवा म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगपर्यंत न जाता तिथून खाली ठिबकेल, आणि त्या बोर्डाला आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

-----

डोंबिवलीकर_अमेय

धागा वर काढतोय. ताईंचं ऐकून मे महिना सोडला, दिवाळीनंतर सुरू केलं. टाकी बेडरूममध्ये आणली कारण एसी तिथे आहे, बायको तयार झाली हे मोठं. दोन बाय दीड बाय दीड, खाली थर्माकोल, स्पिरिट लेव्हल लावून स्टँड सरळ केला. सिमेंटचे दगड अकरा किलो. अलिबागचा कॅन रिकामाच परत आणला.

आज छत्तिसावा दिवस. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०, क्षारता ३५, तापमान २५.८. टाकीत अजून एकही मासा नाही आणि मी रोज तासभर तिच्यासमोर बसतो. आज सकाळी मागच्या दगडावर बोटाच्या नखाएवढा तपकिरी डाग दिसला, डायटमच असावेत. उद्या पाणी बदलतो. पैदाशीच्या क्लाउनची जोडी एकांकडे सांगून ठेवली आहे, ती या रविवारी आणू का?

-----

शिंपला

वा! वाचून फार आनंद झाला. पाणी बदला, मग आधी चार गोगलगायी सोडा, आठवडाभर रोज अमोनिया मोजा. तो शून्यावरच राहिला तर पुढच्या रविवारी जोडी आणा आणि क्वारंटाइनच्या टबात ठेवा. तो टब तयार आहे ना?

-----

डोंबिवलीकर_अमेय

टब आहे, त्याला हवेचा पंप राहिलाय. उद्या आणतो.